थोरला, मधला, धाकला आणि एकच लायसन

जुन्या माणसाबद्दल कुणी लिहायला बसलं की पुढचं सगळं तुमाला आधीच पाठ असतं. माणूस गरीब असणार, मनानं मोठा असणार, चप्पल तुटकी असणार आणि शेवटच्या पानावर त्यो मरणार. मग तुमी डोळे पुसणार, 'अशी माणसं आता ऱ्हाईली न्हाईत' म्हणणार आणि जेवायला बसणार. तर आधीच सांगून ठिवतो, आप्पा मेलेला न्हाई. परवाच फोन केलता, तर 'गिऱ्हाईक हाय' म्हणून माझ्या तोंडावर ठिवून दिला. गरीब बी न्हाई. चप्पल तर असली करकरीत की गल्लीच्या तोंडाशी वाजली की मी दुकानात मोबाईल खिशात घालायचो. मनानं मोठा हाय का, ते दोन वर्षं त्याच्याजवळ काम करून बी मला कळलं न्हाई. मन दिसायच्या आधी नियम आडवा यायचा.

आणि ही गोष्ट प्रेमाची न्हाई, भुताची न्हाई, कम्प्युटरच्या लायसनची हाय. उठून जायचं तर आत्ताच जा.

बसलात? लईच रिकामे दिसताय.

दुकान बीडला, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. लग्नाच्या पत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, बिलबुकं, दहाव्याची कार्डं, कागदावर जे काय उमटतं ते सगळं. मी पालीवरून मोटरसायकलवर यायचो. डीटीपीचा कोर्स केलता, पण माझं खरं शिक्षण म्हणजे लोकांचे आवाज काढणं. शाळेत असताना मी भिंतीआडून हेडमास्तरच्या आवाजात 'आज अर्धी सुट्टी' म्हणलो आणि तीन वर्ग घरी गेले. चौथ्या वर्गावर खुद्द हेडमास्तरच शिकवत होते, म्हणून घावलो.

आप्पाचा आवाज बसवायला मला दोन दिवस लागले. त्यो नाकात उगवायचा, गालातल्या सुपारीवरून घसरत यायचा आणि दर वाक्याच्या शेवटाला हातातला अडकित्ता वाजायचा. "गिऱ्हाईकाला पाणी दे. कट्. पंखा दोनवर कर. कट्. तोंड बंद ठिव. कट् कट्." कपाळावर विभूतीचे तीन पट्टे असे सरळ, जसं काय मशीनवर आखून आणलेत. राम रामच्या जागी त्यो 'शरणार्थ' म्हणायचा. समोर मी त्याला 'आप्पा, तुमी' म्हणायचो, माघारी आख्खी गल्ली 'त्यो' म्हणायची. हितं त्यो समोर न्हाई, म्हणून त्यो.

आता लायसनचं. आमच्या गल्लीत अशी पाच-सहा दुकानं. डिझाईनचं सॉफ्टवेअर सगळ्यांकडं एकच, आणि सगळ्यांकडं चोरीचं. कुणीतरी पुण्यावरून पेनड्राइव्हमधी आणलं, त्याचं यानं घेतलं, याचं त्यानं घेतलं, विरजणासारखं. एकटा आप्पा तेवढा दरसाल कंपनीला पैसे भरायचा. गल्लीतले म्हणायचे, आप्पा, कशाला? फुकट चालतंय की. आप्पा म्हणायचा, "ज्या मशीनवर लोकांच्या लग्नातला गणपती काढायचा, ते मशीन चोरीचं?" ह्याला उत्तर न्हवतं. म्हणून लोक हसायचे.

बरं, नुसतं भरून गप बसंल त्यो आप्पा कसला. सॉफ्टवेअर टाकताना ती लांबलचक इंग्रजी नियमावली येती बघा, जी आख्ख्या जगात कुणी वाचत न्हाई, खाली 'मान्य हाय' दाबतात आणि मोकळे होतात? आप्पानं ती छापून घेतली. स्पायरल बाइंडिंग केली. कॉलेजातल्या इंग्रजीच्या एका सराला धरून समासात पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहून घेतला. त्या सराच्या पोराच्या मुंजीची पत्रिका त्याच्या बदल्यात फुकट. मग त्या बाडाला लाल फडकं गुंडाळलं आणि देवाच्या फोटोखाली ठिवलं. सकाळी उदबत्ती लावली की रोज एक पान वाचायचं, मोठ्यानं. मी झाडू घेऊन उभा, आणि आप्पा नाकातून, "वापरकर्त्यास असा अधिकार राहील की..." गिऱ्हाईक आलं तर चप्पल काढून हात जोडायचं. त्याला वाटायचं पोथी चाललीय.

त्याच पोथीत आप्पाला घावलं की एकदा वर्षाचं भरलं म्हणजे नुसतं नवं सॉफ्टवेअर मिळतं असं न्हाई. त्याचं मागचं जुनं, त्याच्या मागचं आणखी जुनं, सगळी वर्जनं एकाच लायसनवर एकाच मशीनमधी ठिवता येतात. पोथीत त्यो भाग वाचला त्या दिवशी आप्पानं गल्लीत पेढे वाटलते म्हणतात. मी तवा न्हवतो. पण त्याचं समजावणं मी ऐकलंय:

"हे बघ. रेशनकार्ड एक. कट्. त्याच्यावर भाऊ तीन. कट्. भांडण न्हाई, वाटणी न्हाई. कट्."

तर मशीनमधी तीन वर्जनं, आणि त्यांची नावं थोरला, मधला, धाकला. थोरला सगळ्यात जुना. सावकाश चालायचा, कधी काही मागायचा न्हाई. पत्रिकांचे जुने मराठी फॉन्ट फक्त त्यालाच वाचता यायचे, म्हणून सगळी लग्नं थोरल्याकडं. मधला फ्लेक्सचा, कारण फ्लेक्स छापून देणाऱ्याच्या मशीनला मधल्याचीच फाईल लागायची. आणि धाकला नवा. दिवसभर इंटरनेट खायचा, दर आठ दिवसाला अपडेट मागायचा, सणाला कपडे मागावे तसं. पण त्याच्यात एक गुण होता. एक बटण दाबलं की पुढाऱ्याचं तोंड गोरं करायचा, दुसरं दाबलं की टक्कल भरून काढायचा. म्हणून फोटोचं सगळं धाकल्याकडं.

गिऱ्हाईकाला बी हे पाठ करावं लागायचं. एकदा एक कार्यकर्ता आला, घाईत.

"आप्पा, साहेबाचा वाढदिवस हाय. फोटो जरा उजळ करून द्या."

"धाकल्याकडं जावं लागंल."

"कुठं बसतो धाकला?"

आप्पानं माझ्या मशीनकडं हात केला. कार्यकर्त्यानं मशीन न्हाई बघितलं, मला बघितलं. "राम राम, धाकले," म्हणला आणि माझ्यासाठी चहा सांगितला. त्या दिवसापासून गल्लीत माझं नाव धाकले.

आणि एक नियम तर उपासासारखा पाळायचा. थोरल्याची फाईल धाकल्यात उघडून सेव्ह करायची न्हाई. कारण नव्यात सेव्ह झालेली फाईल जुन्यात परत उघडतच न्हाई. आप्पा म्हणायचा, "थोरल्याचं पोरगं एकदा धाकल्याच्या घरी जेवलं, की परत आपल्या घरचं पाणी पीत न्हाई."

पण ह्या सगळ्याच्या वरचा येडेपणा म्हणजे अडकित्ता. पोथीत लिहिलंय, एका लायसनवर मशीन दोन चालतील, पण दोन्ही एकाच वेळी वापरायची न्हाईत. गल्लीतलं कुणी बी हे वाचून हसलं असतं. आप्पानं ते मनावर घेतलं. आमच्याकडं दोन मशीन, एक माझं, एक आप्पाचं. ज्याच्या टेबलावर आप्पाचा अडकित्ता, त्यानं काम करायचं. दुसऱ्यानं मशीन बंद करून हात बांधून बसायचं. दुसरी कसली बी खूण ठिवता आली असती, खडू, डबी, काय बी. पण आप्पा म्हणला, खडू इसरला जाईल, अडकित्ता इसरत न्हाई. मतलब, मी काम करायलो की आप्पाला सुपारी बंद.

आता सांगा, असल्या दुकानात माझ्यासारखा माणूस सुधरंल का?

"झालं का?"

"न्हाई आप्पा. साहेबाच्या खाली कार्यकर्त्यांची चाळीस मुंडकी चिकटवायचीत."

"किती झाली?"

"नऊ."

"शिव शिव. लवकर चिकटव की लेका. तोंडाला कोरड पडली."

मी दहावं मुंडकं जरा तिरकं लावायचो, परत काढायचो, परत लावायचो. एकदा म्हणलो, "आप्पा, बाजारात अडकित्ते ढिगानं पडलेत. दुसरा घ्या."

"मग नियम कशाला धरून उभा ऱ्हाईल?"

"अहो पण कंपनी काय बघायला येती का हितं?"

"कंपनी न्हाई बघत," आप्पा म्हणला. "मी असतो की दुकानात."

आता ज्या दिवसासाठी एवढं सांगितलं त्यो दिवस. कार्तिकात कपिलधारची यात्रा असती. आप्पा दरसाल पायी जायचा. त्या साली निघताना मला दारात उभं करून बजावलं.

"शटर उघड. झाडून घे. नमुने दाखव, ऑर्डर लिहून घे. मशीनला हात लावायचा न्हाई."

"कावून आप्पा?"

"अडकित्ता मी घेऊन चाललो ना."

त्याला वाटेत सुपारी लागणार होती, म्हणून बीडमधलं कामकाज स्थगित. मी हाव म्हणलो.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला नेकनूरच्या गाडीतून बापू उतरले आणि पळतच दुकानात आले. बापू म्हणजे माजी सरपंच, चांगली बागायत, गावात वट. आठ दिवसावर लेकीचं लग्न. त्यांची पत्रिका आप्पानं स्वतः थोरल्यात बसवलती. सवाशे-दीडशे नावं. कुणाचं नाव कुणाच्या वर आणि कुणाच्या खाली, ह्याच्यावर भावकीत तीन आठवडे बैठका झाल्या, आणि ठरलेला क्रम जगात फक्त त्या एका फाईलमधी होता.

"आप्पा कुठाय?"

"कपिलधारला."

बापू खाली बसले. "मंग मेलो मी."

झालतं असं. बापूंचा आणि त्यांच्या मोठ्या भावाचा, म्हणजे दादांचा, बांधावरून वाद. बारा वर्षं बोलणं बंद. पण बापूंची लेक ह्या मोठ्या बाबाच्या मांडीवर वाढलेली. ती घरात सांगून बसली, मोठे बाबा आले न्हाईत तर मी बोहल्यावर उभी ऱ्हाणार न्हाई. चार माणसं मधी पडली, दादा कसेबसे तयार झाले. आणि त्या माणसांनी पत्रिकेचा कच्चा कागद दादांच्या घरी नेला तर निमंत्रकात दादांचं नाव तिसरं. दादांनी कागद जागेवर टराटरा फाडला. निरोप धाडला, आज चार वाजता मी बीडला दुकानात येतो. छापलेल्या कागदावर माझं नाव पहिलं दिसलं तर मांडवात येईन. न्हाई दिसलं तर मी मेलो समजा.

"एक ओळ हाय बे," बापू म्हणले. "तिसरी ओळ उचलायची, पहिली करायची. एवढं जमत न्हाई का तुला?"

"जमतंय बापू. नियम न्हाई."

"आप्पाचे नियम आप्पाच्या उशाला. तू माणूस हायस का मशीन?"

अशा वेळी तुमी काय केलं असतं? मी मशीन चालू केलं.

सॉफ्टवेअरनं मला आत घेतलं न्हाई. म्हणलं, परत साइन-इन करा, मालकाच्या मोबाईलवर कोड धाडलाय. मालकाचा मोबाईल यात्रेच्या गर्दीत. दहा-बारा वेळा लावला, दर वेळी तीच बाई, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. बापू भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायलेत. अकरा वाजले. साडेअकरा वाजले.

मग मी पोथीचं फडकं सोडलं. पहिल्या पानावर आप्पाच्या हातानं हेल्पलाइनचा नंबर लिहिलेला, खाली दोन रेघा. मी फोन लावला, नाक चोंदलं, आणि अडकित्ता न्हवता म्हणून हातात पिनमशीन घेतलं.

"शरणार्थ. बेटी, मैं बीड से आप्पा बोलतूं. कट्."

बापू दचकून दाराकडं बघायले. त्यांना वाटलं आप्पा आला.

"जी सर, बताइए, क्या मदद करूं?"

"मेरेकु अंदर लेव. मेराच घर है, मेरेकुच भाईर खडा किया. कट्."

तिनं ईमेल इचारला, मागच्या वेळी पैसे कवा भरले ते इचारलं. आप्पानं सगळं पोथीच्या पाठीमागं लिहून ठिवलतं. मी पटापटा सांगितलं, दर उत्तराला पिनमशीन. तिला शंका कशाची येणार? तिनं दुकानाच्या ईमेलवर कोड धाडला. मी आत. बापूंनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मला ठसका लागला.

आत गेलो तर समोर निळं बटण, अपडेट करा. फोनवरची ताई म्हणली, "सर, अपडेट भी कर लीजिए, सब अच्छा चलेगा." मी दाबलं. बटणाच्या खाली बारकी चौकट होती, तिच्यात आधीच बरोबरची खूण, आणि शेजारी इंग्रजीत लिहिलेलं, जुनी वर्जनं काढून टाका. ते मी वाचलं न्हाई. वाचायचं खातं आप्पाकडं होतं.

अपडेट संपायला दोन वाजले. बघतो तर पडद्यावर थोरल्याचं चिन्ह न्हाई. मधल्याचं न्हाई. एकटा धाकला बसलाय, दोघा भावांना घराभाईर काढून सातबाऱ्यावर एकटाच चढावा तसा.

बापूला म्हणलो, काही न्हाई बापू, बघतो. माझ्या मशीनवरची पत्रिकेची नक्कल धाकल्यात उघडली. गणपती उघडला, तेवढा एक ओळखीचा. बाकी कागदभर चौकोन. रिकामे, बारके, रांगेत बसलेले चौकोन.

बापू वाकून बघायले. "बे, हे काय?"

"पत्रिका."

"आमची भावकी कुठं गेली?"

"ह्याच्यातच हाय बापू. चौकोनात."

बापूंनी चष्मा लावला, काढला, परत लावला. मग लई हळू आवाजात म्हणले, "मला एवढंच सांग. ह्याच्यातला माझा भाऊ कोणता?"

बापूसारखा माणूस, ज्याच्या एका हाकेला पंधरा पोरं उठतात, त्याचा त्यो आवाज ऐकून माझी मस्करी जिथल्या तिथं थांबली. मी परत फोन लावला. नशिबानं तीच ताई.

"बेटी, वो पुराना वाला वापस देव."

ती म्हणली, "सर, वो बहुत पुराना वर्जन है. जिनके पास पहले से है वो चला सकते हैं, लेकिन अब लिस्ट में नहीं है. दोबारा नहीं मिलेगा."

दोबारा नहीं. आप्पाच्या कपाटातल्या सीड्यांत पाच-सहा तालुक्यांची लग्नं होती, सगळी थोरल्याच्या हातची, आणि थोरला मी एका खुणेवर गमावलता. मला घाम फुटला. आणि घाम फुटला की माझ्यातला नट जागा होतो, हा माझा जुना रोग हाय. मी रडलो. आप्पाच्या आवाजात रडलो.

"बेटी, ऐसा मत करो. पांव पडतूं तुम्हारे. बुड्ढा आदमी हूं. एक लडकी की शादी अटकी है बेटी, मेरी इज्जत तुम्हारे हाथ में है..."

पिनमशीन वाजवायचं बी भान ऱ्हाईलं न्हाई. बापू बघत होते, त्यांच्या डोळ्यात बी पाणी. फोनवरची ताई घाबरली. "सर, प्लीज, रोइए मत सर. एक मिनट. आपके अकाउंट में तो दो कंप्यूटर दिख रहे हैं. दूसरे पर होगा ना?"

दुसरं! आप्पाचं मशीन! कोपऱ्यात, कापड पांघरून, कालपासून बंद. बंद, म्हणून त्याला अपडेट पोचलंच न्हवतं. ताई म्हणली, आधी इंटरनेटची वायर काढा, मग चालू करा. मी वायर अशी ओढली की भिंतीतला खिळा संगं आला. मशीन चालू केलं. थोरला हळूहळू, खोकत खोकत उघडला. त्याच्यात आप्पाची मूळ पत्रिका, एक नाव बी हललेलं न्हाई. तिसरी ओळ उचलली, पहिली केली, छापली. मशीन लगेच बंद करून कापड घातलं. साडेतीन वाजलते.

चारला दादा आले. बापूच्या शेजारची खुर्ची सोडून पलीकडच्या स्टुलावर बसले. कागद हातात घेतला. पहिल्या नावावर बोट ठिवलं, बोट तसंच ठिवून बाकीचा कागद वाचला.

"अक्षर बारीक हाय," भिंतीला म्हणले.

"मोठं करायला सांगू का, दादा?" बापू म्हणले.

बारा वर्षांनी तोंडातोंडी झालेलं पहिलं बोलणं, तेबी अक्षराच्या मापावर. दादांनी कागदाची घडी घातली. मग म्हणले, "असू दे. मांडवाचं मी बघतो, तू त्याच्यात पडू नको." बापू उठून भाईर गेले आणि लई वेळ नाक शिंकरत ऱ्हाईले.

आप्पा तिसऱ्या दिवशी आला. पाय सुजलेले, कपाळावर विभूती ताजी. मी त्याला बसू दिलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. माझ्या मशीनवरचा थोरला गेला, मधला गेला. नोकरी बी गेली असं धरूनच सांगत होतो. आप्पा माझ्या मशीनसमोर बसून त्या रिकाम्या जागेकडं बघत ऱ्हाईला. मग आपलं मशीन लावलं, थोरला उघडून बघितला, मधला उघडून बघितला, बंद केला.

"बापूचं काम झालं?"

"झालं आप्पा. दादा येणार हायत लग्नाला."

"मग ठीक," आप्पा म्हणला. अडकित्ता काढला, सुपारी कातरली. मला वाटलं सुटलो. तेवढ्यात म्हणला, "पण तू आत गेलास कसा? कोड तर माझ्या मोबाईलवर येतो."

हितं खोटं बोलायचं असतं. ते कुणाला बी कळतं. पण माझ्या जिंदगीतलं सगळ्यात भारी काम मी त्या दिवशी केलतं आणि ते बघायला एकटे बापू होते. मी म्हणलो, "करून दाखवू?"

"दाखव."

मी पिनमशीन घेतलं. 'शरणार्थ, बेटी' पासून सुरू केलं. आप्पा चक्क हसला. 'मेरेकुच भाईर खडा किया, कट्' ला तर त्याच्या तोंडातली सुपारी उडाली. मी रंगात आलो. दुसरा फोन बी केला. पाया पडलो, हुंदका दिला, इज्जत तुम्हारे हाथ में म्हणलो. मान वर केली तर आप्पा हसत न्हवता.

"परत म्हण. त्यो शेवटचा भाग."

मी म्हणलो. ह्या वेळी हुंदका जरा कमी ठिवला.

"रडलो मी?"

"जरासं, आप्पा."

"किती जरासं?"

"दोन... तीन मिनिटं."

"फोन लावला की सगळ्यात आधी काय ऐकू येतं?"

मला आठवलं आणि मी पिनमशीन खाली ठिवलं. "की... हा कॉल रेकॉर्ड होतोय."

आप्पा उठला. सुजलेल्या पायावर उभा ऱ्हाईला आणि जे सुरू झाला ते आख्ख्या गल्लीनं शटरच्या भाईर उभं ऱ्हाऊन ऐकलं.

"दरसाल पैसे कावून भरतो मी? येड लागलंय म्हणून? गल्ली हसती, मला दिसत न्हाई का? तू त्या पिनमशीनवर माझी टिंगल करतूस, ते दिसत न्हाई का? आरं भाड्या, एकदा भरलं की कुणापुढं हात जोडायचे न्हाईत, एवढ्यासाठी भरतो! काही मोडलं की उजळ माथ्यानं फोन लावायचा आन् सांगायचं, मी गिऱ्हाईक हाय, हे मोडलंय, दुरुस्त कर. पहिल्या पानावर नंबर लिहिलाय, खाली दोन रेघा मारल्यात, बघितलास ना? त्या एका फोनची वाट बघत बसलोय मी इतकी वर्षं! काय बोलायचं ते पाठ हाय माझं! आन् पहिला फोन गेला त्यो रडका! तेबी माझ्याच तोंडानं! बापापुढं न्हाई रडलो मी, बँकेत न्हाई रडलो, आन् तू मला त्या लेकीच्या वयाच्या पोरीच्या पायावर घातलंस! आन् ते पुसलं जाईल का? ठिवलंय तितं! मी मरून जाईन, तरी मी तितं रडतच बसणार हाय! लाव फोन. आत्ता लाव. आन् सांग तिला की रडला त्यो आप्पा न्हवता. तुझ्या सोताच्या आवाजात सांग!"

"लावतो, आप्पा," मी म्हणलो. घाबरलेलो होतो, खरं सांगतो, मस्करी न्हवती. पण निघालं ते नाकातूनच.

"परत माझाच? मी जित्ता उभा हाय की समोर! लोकांचे इतके भरून ठिवलेत तोंडात, तुझा कुठं बसवलास? भाईर जा. चूळ भर. तुझं सोताचं जे काय ऱ्हाईलं असंल ते घेऊन ये, आन् मगच त्या फोनला हात लाव!"